आइस्क्रीमच्या पैशांतून दातांचं कॉलेज : डॉ. रफीउद्दीन अहमद यांची गोष्ट आणि आपल्या मुलांचे दात



दरवर्षी २४ डिसेंबरला आपण शाळेत साने गुरुजींची जयंती साजरी करतो. फोटोला हार घालतो, मुलांची भाषणं होतात, एखादी गोष्ट सांगतो. याच तारखेला, गुरुजींच्या नऊ वर्षं आधी, आणखी एका मोठ्या माणसाचा जन्म झाला होता. त्यांचं नाव डॉ. रफीउद्दीन अहमद. आपल्या देशातलं पहिलं दंत महाविद्यालय त्यांनी काढलं. म्हणून त्यांना भारतीय दंतवैद्यकाचे जनक म्हणतात. मला स्वतःला हे नाव तीन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. ते कसं माहीत झालं ते आधी सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि तीच चूक तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडून होत असणार.

माझ्या वर्गातली गोष्ट

मी अंबरनाथ पश्चिमेला प्राथमिक शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. वर्गात एक बडबडी मुलगी होती. कविता म्हणायला पहिला हात तिचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गप्प गप्प राहायला लागली. मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी भाजीच्या रशात भिजवून भिजवून खायची आणि एकाच बाजूने चावायची. मी तोंड उघडायला लावलं तर खालच्या दाढेला चांगला काळा खड्डा दिसला.

आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, बाई, दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप, दुसरी येईल. आणि मी मान डोलावली! मलाही तसंच वाटलं. लवंगेचं तेल लावा, गोड कमी द्या, एवढं सांगून मी मोकळी झाले.

जानेवारीत तिचा गाल सुजला. ताप आला. आठवडाभर शाळा बुडली. शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की ती दुधाची दाढ नव्हतीच. ती कायमची दाढ होती. सहाव्या वर्षी आलेली आणि आयुष्यभर पुरायची. ती इतकी किडली होती की काढावी लागली. नऊ वर्षांच्या मुलीची कायमची दाढ गेली.

डीएडला असताना आम्ही पाठ केलं होतं : दुधाचे दात २०, कायमचे ३२. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. परीक्षेत गुणही मिळाले. पण सहाव्या वर्षी येणारी दाढ कोणताही दात न पडता, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, गुपचूप येते हे मला कळलेलं नव्हतं. दात पडला नाही, म्हणजे नवीन दात आलाच नाही, असं घरात सगळ्यांना वाटतं. म्हणून ती दाढ दुधाची समजून दुर्लक्षित राहते. त्यानंतर मी दातांविषयी वाचायला लागले आणि वाचता वाचता डॉ. अहमद भेटले.

बालपण आणि शिक्षण

रफीउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील सरकारी अधिकारी होते. सुरुवातीचं शिक्षण ढाक्याला झालं, पुढे ते अलीगढला शिकले. त्या काळात शिकलेल्या मुलाने वकील व्हावं, सरकारी नोकरी धरावी, फार तर डॉक्टर व्हावं, असं घरच्यांना वाटे. दातांचा डॉक्टर हा व्यवसाय आपल्याकडे जवळजवळ कुणाच्या डोक्यातच नव्हता. कारण तो शिकवणारं एकही कॉलेज देशात नव्हतं.

मग लोक दात दुखल्यावर काय करत होते? थोडी कल्पना करून बघा. बाजारात, जत्रेत, रस्त्याच्या कडेला चिमटा घेऊन बसलेला माणूस दात उपटून द्यायचा. घरी लवंग, हळद, कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी. दातात अळी पडते असा समज, आणि अळी काढून दाखवणारे भोंदूही होते. श्रीमंतांसाठी मोठ्या शहरांत परदेशातून शिकून आलेले मोजके दंतवैद्य. गरिबाच्या मुलाने दुखणं सोसायचं आणि शेवटी दात गमवायचा.

रफीउद्दीन अमेरिकेला गेले आणि आयोवा विद्यापीठात दंतवैद्यक शिकले. १९१५ साली त्यांना पदवी मिळाली. त्यानंतर १९१८ पर्यंत त्यांनी बॉस्टन शहरात काम केलं. ही नोकरी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ते जिथे काम करत होते तो होता फोर्साइथ दंत दवाखाना आणि तो खास मुलांसाठी होता. फोर्साइथ नावाच्या उद्योजक भावांच्या देणगीतून, शहरातल्या गरीब मुलांवर उपचार व्हावेत म्हणून तो उभा राहिला होता.

म्हणजे बघा, आपल्याकडे मोठ्या माणसांच्या दातांनाही डॉक्टर नव्हता, तेव्हा हा बंगाली तरुण गरीब मुलांच्या दुधाच्या दातांवर उपचार करत होता. मुलांचा दात वेळेवर भरला तर तो वाचतो, हे तो रोज डोळ्यांनी पाहत होता.

परत येणं आणि आइस्क्रीमचं दुकान

१९१९ साली ते भारतात परत आले. कलकत्त्यात दवाखाना थाटून आरामात पैसे मिळवता आले असते. पण त्यांनी ठरवलं कॉलेज काढायचं. एका डॉक्टरने किती दात बरे करायचे? शंभर डॉक्टर तयार केले तर काम पुढे जातं. हा हिशोब आपल्याला, शिक्षकांना, पटकन समजेल.

कॉलेज काढायचं तर पैसा लागतो. सरकारचं पाठबळ नव्हतं. तेव्हा त्यांनी जे केलं ते मुलांना सांगितलं की वर्गात हशा पिकतो. त्यांनी कलकत्त्यात आइस्क्रीम आणि सरबतांचं दुकान चालवलं! दुकानाचं नाव न्यूयॉर्क सोडा फाउंटन. त्या दुकानाच्या कमाईतून १९२० साली देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू झालं.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने लगेच विचारलं, बाई, आइस्क्रीमने तर दात किडतात ना? मग डॉक्टरांनीच कसं विकलं? प्रश्न अगदी बरोबर आहे. तो टाळू नका. त्याचं उत्तर देता देता निम्मा धडा शिकवून होतो. उत्तर असं : गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांसाठी जास्त महत्त्वाचं असतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. हे आम्ल साधारण अर्धा तास दाताच्या वरच्या कवचावर काम करतं. नंतर लाळ ते हळूहळू धुऊन दाताची झीज भरून काढते. जेवणानंतर एकदा आइस्क्रीम खाऊन तोंड धुतलं तर लाळेला वेळ मिळतो. पण सकाळी बिस्किट, मग चॉकलेट, मग चहात बुडवून टोस्ट, मग शाळेबाहेरचा गोळा, संध्याकाळी गोड पेय, असं दिवसभर चालू राहिलं तर लाळेला वेळच मिळत नाही आणि खड्डा पडतो.

पाय रोवून केलेलं काम

कॉलेज सुरू करणं सोपं, चालवणं कठीण. विद्यार्थी कमी, लोकांचा विश्वास कमी. डॉ. अहमद तिथे शिकवत राहिले. १९२५ साली त्यांनी दंतवैद्यकाचं नियतकालिक सुरू केलं आणि त्याच वर्षी बंगालमधल्या दंतवैद्यांची संघटना उभी केली. १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी दात भरण्याच्या उपचारांवर इंग्रजीत हस्तपुस्तक लिहिलं. आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतः पुस्तक लिहिणारा शिक्षक म्हणजे काय, हे आपण स्वाध्यायपत्रिका तयार करताना जाणतोच.

त्यांच्या कॉलेजात मुलींनाही शिकता येत होतं. फातिमा जिना तिथेच शिकल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा दाताचा दवाखाना उघडला. पुढे त्या राजकारणात गेल्या, तो इतिहास वेगळा. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एक स्त्री दाताची डॉक्टर म्हणून पाटी लावते, ही गोष्ट मुलींना जरूर सांगा.

मुंबईतही हे शिक्षण सुरू झालं. १९३३ साली नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि १९४५ साली शासकीय दंत महाविद्यालय. आज आपल्या गल्लीत दाताच्या डॉक्टरांच्या पाट्या दिसतात त्यामागे ही सगळी साखळी आहे.

डॉ. अहमद यांची दुसरी लढाई होती कायद्याची. कुणीही उठावं, चिमटा घ्यावा आणि दाताचा डॉक्टर म्हणवून घ्यावं, हे थांबायला हवं होतं. १९३९ साली बंगालमध्ये दंतवैद्यांसाठी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली संपूर्ण देशासाठी दंतवैद्य कायदा आला. या कायद्यामुळे डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली आणि भारतीय दंत परिषद स्थापन झाली. आज तुम्ही दवाखान्यात गेल्यावर भिंतीवर नोंदणी क्रमांकाचं प्रमाणपत्र दिसतं ना, ते या कायद्यामुळे. ते बघायची सवय ठेवा. रस्त्यावर किंवा विनानोंदणी बसलेल्या माणसाकडून मुलाच्या तोंडात हत्यार घालून घेऊ नका. नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारांतून रक्ताचे आजार पसरू शकतात.

सगळं देऊन टाकलं

१९४९ साली डॉ. अहमद यांनी आपलं कॉलेज राज्य सरकारच्या हवाली केलं. आइस्क्रीमच्या पैशांपासून जमवत आणलेली, तीस वर्षं सांभाळलेली संस्था! पुढे त्या कॉलेजला त्यांचंच नाव दिलं गेलं आणि आजही ते कोलकात्यात चालू आहे.

नंतर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले. ज्यांच्या आठवणीसाठी आपण १ जुलैला डॉक्टर दिन पाळतो, तेच हे डॉ. रॉय. दातांच्या डॉक्टरांनी शेती आणि फाळणीत घरदार सोडून आलेल्या लोकांचं पुनर्वसन अशी खाती सांभाळली. १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचं निधन झालं.

आता आपल्या मुलांकडे वळू

गोष्ट सांगून झाली. पण डॉ. अहमद यांना खरं अभिवादन करायचं असेल तर आपल्या वर्गातल्या आणि घरातल्या मुलांची तोंडं एकदा उघडून बघायला हवीत. मी चुकले ते तुम्ही चुकू नये म्हणून थोडक्यात लिहिते.

१. दुधाचे दातही महत्त्वाचे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात. शेवटची दुधाची दाढ दहा-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेने मुलाला अजून पाच-सहा वर्षं काढायची असतात. शिवाय दुधाचा दात खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखतो. तो लवकर काढला तर शेजारचे दात सरकतात आणि नवीन दात वाकडे येतात.

२. सहाव्या वर्षाची दाढ ओळखा. पहिलीत गेलेल्या मुलाचं तोंड उघडा. पुढून मागे मोजत जा. पाच दुधाच्या दातांमागे सहावा दिसला, तर ती कायमची दाढ. वर दोन, खाली दोन अशा चार. तिच्यावर खोल रेघा असतात आणि अन्न त्यातच अडकतं. डॉक्टर या रेघांवर सीलंटचा पातळ थर लावतात. सुई नाही, दुखत नाही, पण दाढ किडण्यापासून वाचते.

३. दात घासणं. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ब्रशभर पेस्ट फक्त जाहिरातीत छान दिसते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने घासल्यावर आईने किंवा बाबांनी पुन्हा एकदा ब्रश फिरवावा. लेस नीट बांधता येत नाही त्या हाताला मागची दाढही नीट घासता येत नाही.

४. बाटली आणि झोप. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका. पुढचे वरचे दात त्यानेच काळे पडतात आणि झिजतात.

५. मशेरी नको. काही घरांत आजी-आई मशेरी लावतात आणि बघून मुलंही लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, व्यसन मात्र लागतं. हा विषय पालकसभेत रागवून नाही, समजुतीने काढा.

६. उपचारांची भीती घालू नका. छोटा खड्डा असेल तर डॉक्टर साफ करून सिमेंट भरतात. कीड नसेपर्यंत फ्लोराइडचं व्हार्निश लावतात, दोन-पाच मिनिटांचं काम. कीड नसेपर्यंत पोचली तर दुधाच्या दाढेचंही रूट कॅनलसारखं उपचार करून वर स्टीलची कॅप बसवतात. दात काढावाच लागला तर जागा राखण्यासाठी छोटी तार बसवतात. खड्डा लहान असताना गेलात तर काम सोपं, खर्च कमी आणि मूल रडत नाही. मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील, असं घरात कधीही म्हणू नका. आपणच भीती पेरतो आणि मग मूल तोंड उघडत नाही म्हणून तक्रार करतो.

७. मैदानावर दात पडला तर. ही माहिती प्रत्येक शाळेत हवी. कायमचा दात धक्क्याने मुळासकट निघाला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. थंड दुधाच्या पेल्यात टाका आणि शक्यतो अर्ध्या तासात दाताच्या डॉक्टरांकडे पोचा. दात पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत, पण डॉक्टरांना दाखवायचं नक्की.

खर्चाचं काय?

पालक हा प्रश्न विचारतातच आणि तो खरा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा दातांची तपासणीही त्यात असते. त्या दिवशी मूल गैरहजर राहणार नाही हे बघा आणि पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहू देऊ नका. उपचारासाठी जवळ उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात चौकशी करा. मोठं काम असेल तर मुंबईतली सरकारी आणि पालिकेची दंत महाविद्यालयं आहेत. शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्टेशनजवळ आहे, आपल्या अंबरनाथ लोकलच्या शेवटच्या स्टेशनला. नायरचं कॉलेज मुंबई सेंट्रलला, दादरला गाडी बदलायची. एक दिवस जातो, रांग लागते, पण खासगीपेक्षा खर्च खूप कमी येतो.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

- एका अंड्याला पेस्ट चोळून ठेवा, एकाला नको. दोन्ही व्हिनेगरमध्ये घाला आणि आम्लाने कवचाचं काय होतं ते मुलांना बघू द्या.
- प्रत्येक मुलाने आरशात बघून आपले दात मोजायचे. सहावी दाढ दिसली का, ते वहीत लिहायचं.
- एका दिवसात आपण किती वेळा गोड खाल्लं याचा तक्ता. किती खाल्लं ते नाही, किती वेळा ते.
- आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी दात कशाने घासत होता? पडलेला दात कुठे टाकत होता? कौलावर, उंदराच्या बिळात, तुळशीत, अशी खूप गमतीदार उत्तरं येतात.

ती मुलगी आता सहावीत आहे. तिच्या आईने नंतर धाकट्या भावाला पहिलीतच डॉक्टरांकडे नेलं आणि चारही दाढांना सीलंट लावून घेतलं. मला रस्त्यात भेटल्या तेव्हा त्यांनी ते स्वतःहून सांगितलं. रागावल्या नाहीत. पण मुलगी हसली तेव्हा मागची रिकामी जागा मला दिसली.

म्हणून या २४ डिसेंबरला साने गुरुजींच्या फोटोला हार घालून झाला की पाच मिनिटं काढा. डॉ. अहमद यांची आइस्क्रीमची गोष्ट सांगा. आणि मग प्रत्येक मुलाला तोंड उघडायला लावून मागची दाढ बघा.

तुमच्या वर्गात काय दिसलं ते मलाही जरूर कळवा.